प्रमथनाथ बोस : आधी डोंगर, मग कागद

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की प्रकल्पवह्यांचा गठ्ठा टेबलावर येतो. यंदा त्यातल्या एका वहीत निष्कर्ष सुबक अक्षरात लिहिलेला होता, आकृती रंगवलेली होती आणि निरीक्षणांचा तक्ता मात्र कोरा होता. विचारले तर उत्तर मिळाले की आकडे नंतर भरायचे आहेत. छात्र खरे बोलला, म्हणून रागावलो नाही. पण त्या कोऱ्या तक्त्यामुळे एका माणसाची आठवण झाली. भिलाईत त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, आणि तरीही त्याने भरलेल्या रकान्यांशी आपल्या गावाचे नाते आहे.

प्रमथनाथ बोस यांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमधल्या गैपूर या खेड्यात झाला. शिक्षण आधी कृष्णनगरला आणि मग कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात. १८७४ मध्ये त्यांना गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळाली आणि एकोणिसाव्या वर्षी ते लंडनला गेले. तिथे विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेतली, रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये भूशास्त्र शिकले. अभ्यासाबरोबर सभांतून हिंदुस्थानच्या बाजूने भाषणेही करीत. हा तरुण लंडनपेक्षा रानात बरा, असे इंडिया ऑफिसातल्या काही जणांना वाटले असल्यास नवल नाही. १८८० मध्ये त्यांची नेमणूक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात झाली. त्या खात्यातल्या श्रेणीबद्ध अधिकाऱ्याच्या जागेवर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

नेमणुकीच्याच वर्षी त्यांचा एक निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला होता. विषय शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या मांसाहारी प्राण्यांचे जीवाश्म. ही हाडे ब्रिटिश म्युझियमच्या कपाटांत होती. शिवालिकच्या जीवाश्मांचा मोठा साठा जमवणाऱ्यांत प्रॉबी कॉटली हे नाव अग्रभागी आहे. कॉटली बंगाल तोफखान्याचे अधिकारी. गंगेचा कालवा काढणारे ते हेच. कालव्याच्या कामावर असताना या फौजी माणसाने हाडे गोळा केली आणि जपून पाठवली, म्हणून पुढे एका बंगाली विद्यार्थ्याला लंडनमध्ये बसून ती मोजता आली. कुठल्या थरातून, कुठल्या जागेवरून आले हे न लिहिलेले हाड म्हणजे नुसता दगड. नमुना आणि त्याची चिठ्ठी यांची ताटातूट झाली की दोन्ही वाया जातात, हे बोस तिथेच शिकले असावेत असे मला वाटते.

खात्याचे काम कसे चाले ते आधी सांगतो, कारण आपल्या छात्रांना ते ओळखीचे वाटेल. पावसाळा संपला की अधिकारी तंबू, बैलगाड्या किंवा हत्ती, चार-पाच माणसे आणि नेमून दिलेल्या मुलखाचे नकाशे घेऊन निघे. नकाशा बहुधा इंचाला एक मैल या मापाचा. जवळ हातोडी, होकायंत्र आणि थरांचा उतार मोजायचे क्लिनोमीटर. मॅप रीडिंगच्या तासाला आपण जे शिकतो त्यातले निम्मे इथे उपयोगी पडे. उन्हाळा असह्य झाला की परत कलकत्ता. मग पावसाळाभर नकाशा पक्का करणे, दगडांची तपासणी, ग्रंथालयातला पडताळा आणि शेवटी लेखन.

पण निघण्याच्या आधीही एक काम असे आणि तेच बहुतेकांना कंटाळवाणे वाटते. या मुलखाबद्दल आधी कोणी काय लिहिले आहे? त्यातले कोणते त्याने डोळ्यांनी पाहिले आणि कोणते ऐकीव? कोणता प्रश्न अर्धवट राहिला आहे? तो प्रश्न हातात असल्याशिवाय रानात गेलेला माणूस सगळेच दगड गोळा करतो आणि परत आल्यावर कळते की हवा होता तो तेवढा राहिला. प्रश्न ठरला की वाट ठरते. थर ज्या दिशेने पसरलेले असतात त्या दिशेने चालत राहिले तर दिवसभर एकाच थरावरून चालणे होते. म्हणून भूशास्त्रज्ञ थरांना आडवा चालतो. एका वाटेत जितके जास्त थर ओलांडता येतील तितके बरे. ओढे, नदीचे कापलेले काठ, विहिरींची खोदाई, जिथे जमिनीचे पोट उघडे पडलेले असेल तिथून वाट न्यायची. रेकीला निघालेली तुकडीही मोकळा रस्ता सोडून उपयोगाचा रस्ता धरते, तसेच.

मग नोंद. नमुना फोडला की त्यावर क्रमांक. तोच क्रमांक वहीत आणि तोच नकाशावर. तिन्हींपैकी एक चुकला तर नमुना बाद. दिवसभर पेन्सिलीने टिपलेले संध्याकाळी तंबूत कंदिलाच्या उजेडात शाईने पक्के करायचे, कारण उद्याच्या धुळीत आणि घामात पेन्सिल टिकत नाही, आणि आठवण त्याहून कमी टिकते. जे पाहिले ते एका बाजूला, त्यावरून जे वाटले ते दुसऱ्या बाजूला. हा शेवटचा नियम सांगायला सोपा आणि पाळायला फार कठीण. डोंगरमाथ्यावर उभे राहिल्यावर दृश्य आणि अंदाज यांची सरमिसळ कधी झाली ते कळतच नाही.

बोसांचे पहिले मोठे काम नर्मदेच्या खालच्या खोऱ्यातले, निमावरपासून कवांटपर्यंतचे. आज हा पट्टा मध्य प्रदेश आणि गुजरातेत येतो. धार भागातल्या बाग या गावाजवळ चुनखडकात समुद्री शिंपले सापडतात. समुद्र आज कुठे आणि बाग कुठे! म्हणजे फार पूर्वी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता. शिंपल्यांची गोष्ट बोसांच्या आधीही ठाऊक होती. पण बागचे थर म्हणजे एकच एक थर नव्हे, हे त्यांनी दाखवले. सर्वांत खाली निमाडचा वालुकाश्म, त्यावर गाठीगाठींचा चुनखडक, त्यावर देवळा आणि चिराखानजवळचा चिकणमातीमिश्र चुनखडक, आणि वर प्रवाळांसारख्या जीवांच्या अवशेषांनी भरलेला चुनखडक. या सगळ्यावर आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दिसतो तो काळा पाषाण.

हा क्रम लावायचा तर प्रत्येक थरातले शिंपले त्या त्या थराच्या नावाने वेगळे ठेवावे लागतात. उतारावर गडगडत आलेला सुंदर शिंपला मोह पाडतो, पण तो कुठल्या थरातला हे सांगता येत नसेल तर तो हिशेबात धरता येत नाही. चार जागी एकच क्रम दिसला, मधला एखादा थर पाचव्या जागी गायब असला, तर तो का गायब आहे हे पाहायला पुन्हा जावे लागते. बोसांचा हा अहवाल खात्याच्या ग्रंथमालेत १८८४ मध्ये छापला गेला. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांनी. त्यांनी घातलेली ही थरांची विभागणी पुढच्या अभ्यासकांनी वाद घालत, सुधारत, पण समोर ठेवूनच वापरली. तिच्यातल्या थरांच्या वयाबद्दलचे त्यांचे सगळे तर्क टिकले नाहीत. थरांची वर्णने टिकली. याचे कारण वर सांगितले आहे.

याच सुमारास त्यांच्या हाती एक वेगळे काम आले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला १७८४ पासून शंभर वर्षे झाली होती आणि त्या शतकाचा आढावा १८८५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. संस्थेचा इतिहास राजेंद्रलाल मित्रांनी लिहिला, पुरातत्त्व आणि वाङ्मय हर्नले यांनी आणि निसर्गविज्ञानाचा भाग तिशीच्या बोसांनी. शंभर वर्षांत वनस्पती, प्राणी, हवामान, खनिजे यांवर जे जे छापले गेले ते वाचायचे, लावायचे आणि कोणी कशात भर घातली ते सांगायचे. या कामाला रानातल्या कामाची मजा नाही. पण आधीचे वाचून मग निघण्याची सवय ज्याला नव्हती त्याला ते जमले नसते.

दगडाचा अतिशय पातळ काप घासून, ०.०३ मिलिमीटर इतका पातळ, की त्यातून उजेड आरपार जावा, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत युरोपात रुळत होती. हिंदुस्थानात खडकांच्या अभ्यासासाठी ती प्रथम वापरण्याचे श्रेय बोसांना दिले जाते. हातात धरून एकसारखे दिसणारे दोन काळे दगड कापात पाहिले की निराळे निघतात. म्हणजे नुसत्या नजरेने भरलेला रकाना पुन्हा तपासायची सोय झाली.

मध्यंतरी १८८२ मध्ये त्यांचे लग्न झाले होते. पत्नी कमला या रमेशचंद्र दत्त यांच्या कन्या. हिंदुस्थानच्या आर्थिक अवस्थेवर आकडेवारीनिशी लिहिणारे दत्त ते हेच. आकड्यांची चाड सासर-माहेर दोन्हीकडे होती म्हणायची.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. त्या वेळी दुर्ग जिल्हा नव्हता; तो १९०६ मध्ये झाला. आज आपण ज्याला बालोद जिल्हा म्हणतो तो दल्ली-राजहराचा डोंगराळ भाग तेव्हा रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला होता, आणि राजधानी होती नागपूर. वैशाली नगरातल्या कितीतरी मराठी घरांचे नागपूरशी येणे-जाणे आजही आहे, पण हा सगळा प्रदेश एके काळी नागपुरातून चालत असे हे मुलांना सांगावे लागते.

बोसांनी या भागात फिरून १८८७ मध्ये खात्याच्या नियतकालिकाच्या विसाव्या खंडात एक टिपण दिले. त्याचा विषय रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातला लोखंडाचा धंदा. विषयाची ही मांडणी मला फार आवडते. त्यांनी नुसता डोंगर पाहिला नाही. लोखंड गाळणारी माणसे पाहिली. छत्तीसगडच्या रानात मातीच्या कमरेएवढ्या भट्ट्या, लाकडी कोळसा, पायाने चालवायचे भाते आणि हाताने आणलेले खनिज यांवर लोखंड गाळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होते. भट्टी जिथे, तिथे जवळपास खनिज असणारच, कारण ते डोक्यावर वाहून कोणी फार लांब नेत नाही. भट्टीशेजारी टाकलेल्या मळीचे ढीग सांगतात की काम किती वर्षे चालले आहे. भूशास्त्रज्ञाला यापेक्षा चांगला वाटाड्या कुठला? गावांची नावेही बोलतात. दल्लीजवळ डोंडी-लोहारा आहे, तिकडे चांद्याकडे दुसरे लोहारा आहे. दोन्ही ठिकाणी लोखंड.

म्हणून दल्ली-राजहराचा शोध बोसांनी लावला असे मी वर्गात म्हणत नाही. तिथल्या माणसांना तो डोंगर ठाऊकच होता. बोसांनी केले ते निराळे आणि कमी महत्त्वाचे मुळीच नव्हे. जे गावाला माहीत होते ते त्यांनी अशा रीतीने लिहिले की सतरा वर्षांनी, दुसऱ्या देशातून आलेला, इथली भाषा न येणारा माणूसही त्या कागदावरून डोंगरापर्यंत पोहोचू शकला. किती खनिज आहे याचा मोठा आकडा त्यांनी ठोकून दिला नाही. भोके पाडून खोली तपासण्याची साधने तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हती. जेवढे पाहिले तेवढे लिहिले.

पुढची पंधरा-सोळा वर्षे ते फिरत राहिले. जबलपूरचे मँगनीज, सिक्कीमची खनिजे, दार्जिलिंगचा कोळसा, आसाम, ब्रह्मदेश. मधल्या काळात इंग्रजी अमलातल्या हिंदू समाजाच्या स्थितीचा तीन खंडांचा इतिहासही लिहून झाला. आणि १९०३ साल उजाडले. खात्याच्या संचालकाची जागा थॉमस हॉलंड यांना मिळाली. हॉलंड १८९० मध्ये खात्यात आलेले, म्हणजे बोसांना दहा वर्षांनी कनिष्ठ. ते नामांकित भूशास्त्रज्ञ होते हे खरेच. पण तेवीस वर्षे चाकरी केलेल्या माणसाने कनिष्ठाच्या हाताखाली राहायचे, आणि ते का, हे सगळ्यांना न बोलता कळत होते. वर्दीतल्या लोकांना ज्येष्ठता म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. बोसांनी राजीनामा दिला. त्या वेळी ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

ओरिसातल्या मयूरभंज संस्थानाचे महाराज श्रीरामचंद्र भंजदेव यांनी त्यांना आपल्या राज्यातली खनिजे पाहण्यासाठी बोलावले. पदवी गेली, कलकत्त्याची प्रयोगशाळा गेली. पद्धत बरोबर होती. गोरुमहिसानीच्या डोंगरात त्यांना उत्तम लोहखनिजाचा प्रचंड साठा दिसला. इथेही जुन्या भट्ट्या होत्याच.

नेमके याच काळात नागपूर-चांद्याकडे दुसरे नाट्य चालले होते. जमशेटजी टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता. त्यांच्या वतीने अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड १९०३ मध्ये येऊन चांदा जिल्ह्यातले लोहाऱ्याचे खनिज तपासत होते. खनिज चांगले, पण कारखान्याला पुरेल इतके नाही, आणि वरोऱ्याचा कोळसा कोक करण्याजोगा नाही. परवाना सोडून द्यावा हे सांगायला दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले. भेटायचे अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले, नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात त्या. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा रंगवलेला भूशास्त्रीय नकाशा होता आणि त्यात दुर्गच्या बाजूला लोहखनिजाची खूण ठळक होती.

ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला तसे वाटत नाही. भेटीची वेळ चुकणे हा योगायोग. नकाशावर रंग असणे हा योगायोग नव्हे. तो रंग तिथे यायला कोणीतरी उन्हातून चालले होते, क्रमांक टाकले होते, संध्याकाळी शाई फिरवली होती. नकाशा भिंतीवर, बोसांचे १८८७ चे टिपण छापील. वेल्ड आणि टाटांची माणसे दल्ली-राजहराला पोहोचली. खनिजात साठ टक्क्यांहून अधिक लोखंड होते, चालताना पायाखाली धातू वाजावा असा डोंगर. तरी कारखाना तिथे झाला नाही. भट्टीला लागणारा कोकचा कोळसा झरियाला, आणि झरिया फार लांब.

अशा वेळी, २४ फेब्रुवारी १९०४ रोजी, बोसांनी जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंजच्या साठ्याची माहिती दिली. गोरुमहिसानी झरियाच्या कोळशाला जवळ होते. पत्र लिहिणाऱ्याच्या आधीच्या नोंदी दुर्गच्या डोंगरावर पडताळून पाहिलेल्या होत्या, तेव्हा नव्या नोंदीवर विश्वास ठेवायला टाटांना वेळ लागला नाही. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले. पण दोराबजी, वेल्ड आणि सल्लागार पेरिन यांनी काम पुढे नेले. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली, साकची गावाजवळ सुवर्णरेखा आणि खरकईच्या काठी कारखाना उभा राहिला आणि १९१२ मध्ये पोलाद निघाले. आपण त्या गावाला जमशेदपूर म्हणतो.

बोसांचे उरलेले आयुष्य शिकवण्यात आणि लिहिण्यात गेले. १९०६ मध्ये स्वदेशीच्या लाटेत कलकत्त्यात निघालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटची धुरा सुरुवातीला त्यांनी वाहिली. तीच संस्था वाढत वाढत आजचे जादवपूर विद्यापीठ झाली. उद्योग हवेत, ते आपल्या माणसांनी चालवायला हवेत आणि त्यासाठी कारखान्यात हात घालणारे पदवीधर हवेत, हे त्यांचे जुनेच म्हणणे होते. उतारवयात मात्र यंत्रयुगाच्या हावरेपणाबद्दल ते साशंक झाले. ज्याच्या पत्राने पोलादाच्या शहराला जागा मिळाली त्याने शेवटी शेवटी पोलादी संस्कृतीवर टीका करावी, हे विचित्र वाटेल. पण त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. २७ एप्रिल १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

दल्ली-राजहराचा डोंगर तसाच पडून होता. पुढे स्वातंत्र्य आले, २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि आकडेमोड नव्याने झाली. खनिज दल्ली-राजहराचे, चुनखडक नंदिनीचा, पाणी तांदुल्याचे, आणि कोळसा लांबून आणण्याची तयारी या वेळी होती. भोके पाडून, खोली मोजून, साठ्याचा जो आकडा बोसांनी दिला नव्हता तो आता काढला गेला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. रायपूरच्या पश्चिमेकडच्या लोखंडाबद्दलचे ते टिपण छापून तेव्हा बहात्तर वर्षे होत आली होती.

त्या वहीतल्या छात्राला तक्ता भरायला आठ दिवस दिले आहेत. निष्कर्षाचे पान तोवर माझ्याकडे आहे.